तपासायला दिलेलं पाणी

पाणी तपासायला निघालेल्या लोकांबद्दल माझं मत फार वाईट आहे. नऊ वर्षं मी त्यांना उपकरणं उसनी देतो आहे, तेव्हा हे मत उगाच उडत उडत बनवलेलं नाही. दादरला एका व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत एका ट्रस्टचं लोखंडी कपाट आहे. त्यात पाण्याची आम्लता मोजायची चार मीटर, क्षार मोजायच्या पेनाएवढ्या काड्या, क्लोरीन बघायच्या थेंबांच्या पेट्या आणि निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटल्या. कुठल्याही स्वयंसेवी गटाने यावं, वहीत सही करावी, हवं ते न्यावं आणि आठ दिवसांत परत आणावं. मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी पाच ते सात. किल्ली माझ्याकडे.

ट्रस्टने मला नेमलं कारण परळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षं सहायक होतो. प्राध्यापकांनी चुकीची बनवलेली द्रावणं मी त्यांच्या पाठीमागे गुपचूप ओतून द्यायचो आणि पुन्हा बनवायचो. ते मला ‘अरे, जरा ते आण’ म्हणायचे. निवृत्त झालो, नायगावातून चालत चालत या कपाटापाशी येऊन बसलो, आणि लोक मला ‘सर’ म्हणायला लागले. डोक्यात हवा गेली. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण मला सांगायची आहे ती लालबागच्या एका बाईची गोष्ट. तिच्या सुनेला सहावा महिना होता आणि घरच्या नळाला गटाराचा वास येत होता. त्यात मी जसा वागलो त्याला सूट नको.

पण आधी बाकीची मंडळी. त्यांना सोडणं माझ्याने व्हायचं नाही.

दादरचे सकाळी फिरायला जाणारे निवृत्त लोक घ्या. यांना फक्त क्षारांची काडी लागते, कारण ती पाण्यात बुडवली की लगेच आकडा दिसतो. आकडा दिसला की यांचा जीव शांत. त्या आकड्यावरून पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे मुळीच कळत नाही, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. ऐकतो कोण! जेवणानंतरची साखर किती आली हे एकमेकांना सांगावं, तसे हे बाकावर बसून आपापल्या सोसायटीच्या टाकीचे आकडे सांगतात आणि ज्याचा आकडा कमी तो दिवसभर छाती काढून फिरतो. एकाने काडी परत करताना मला ऐकवलं, “आमच्या सूनबाईंच्या माहेरच्या बिल्डिंगचं पाणी अगदीच सामान्य निघालं हो.” व्याह्यांना खाली बघायला लावायला ट्रस्टचं उपकरण!

गिरगावातला एक गट वाड्यांमधल्या जुन्या विहिरी तपासतो. माणसं नेमाने येतात, वहीत नीट अक्षरात लिहितात, वस्तू वेळेवर परत करतात. एका वर्षी दसऱ्याला मीटर त्यांच्याकडे होतं. मीटरच्या टोकाला काचेचा एक नाजूक फुगा असतो, सगळी करामत त्या फुग्यात. त्याला बोट लावायचं नाही, तो कोरडा पडू द्यायचा नाही, हे मी तीनदा बजावलं होतं. यांनी मीटर पाटावर मांडलं, पूजा केली, आणि हळदकुंकू नेमकं त्या फुग्याला लावलं. वर फुलं वाहून दोन दिवस तसंच ठेवलं. मी कपाळावर हात मारून विचारलं, लावायचंच होतं तर मुठीला लावायचं, टोकाला कशाला?

“काम टोकच करतं ना काका, मग मान कोणाला द्यायचा?”

ते मीटर पुढे लिंबाचं सरबत आणि नळाचं पाणी यांत फरक करेनासं झालं.

आणि टी-शर्टवाले. एका मोठ्या कंपनीतली तरुण पोरं-पोरी, वर्षातून दोनदा समाजकार्य करतात. टी-शर्ट आधी छापतात, पाणी नंतर शोधतात. त्यांची पुढारी एक पंचविशीतली मुलगी, गोड बोलणारी, खांद्याला कापडी पिशवी. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, “सर, ॲक्च्युअली आम्हाला अकरा बॉटल्स लागतील.”

“अकरा ठिकाणचं पाणी घेणार?”

“नाही, गिरगाव चौपाटीचंच. पण अकरा व्हॉलंटियर्स आहोत ना. प्रत्येकाच्या हातात काहीतरी पाहिजे.”

मी अकरा बाटल्या दिल्या. आता माझा मूर्खपणा ऐका. या लोकांना मी मनातल्या मनात लाथ घालत होतो आणि वरून चाळीस मिनिटं व्याख्यान देत होतो. फळ्यावर चित्र काढलं. जुन्या वस्तीत पाणी दिवसातून दोनच तास येतं, बाकी वेळ पाइप रिकामा. पाइप कुजलेला असेल आणि शेजारून गटार जात असेल तर रिकाम्या पाइपात घाण झिरपते. पाणी सुटलं की पहिली दहा मिनिटं ती घाण नळातून बाहेर येते, मग पाणी निवळतं. म्हणून नमुना घ्यायचा तो पहिल्या पाण्याचा. निवळलेलं पाणी भरून आणलंत तर रिपोर्ट स्वच्छ येईल आणि माणसं आजारी पडत राहतील. हे सगळं मी समुद्राचं पाणी भरायला चाललेल्या लोकांना सांगत होतो! त्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पण ते माना डोलावत होते, ती मुलगी वहीत उतरवून घेत होती, मधूनच ‘वॉव सर’ म्हणत होती. चौतीस वर्षांत मला कोणी वॉव म्हटलं नव्हतं. मी बोलतच सुटलो.

त्यानंतरच्या मंगळवारी ती लालबागची बाई आली. पन्नाशीची, नऊवारीतली वगैरे नाही, साधा पंजाबी ड्रेस, हातात भाजीची पिशवी. चाळीतल्या महिला मंडळाची ती प्रमुख होती. सासरा गिरणीत, नवरा गिरणीत, आता मुलगा कुरियर कंपनीत. दारात उभी राहूनच बोलली, “भाऊ, पाणी तपासूची बाटली हयसरच गावता मा?”

माझी आई अशीच मालवणी बोलायची. घरात आम्ही सगळेच असे बोलायचो. मी मात्र तिला एकदम पुस्तकी मराठीत उत्तर दिलं, “हो मावशी. आपली संस्था कोणती?” ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी लहान असेल. कोणाला मावशी म्हणायचं आणि कोणाला मॅडम, हे आपण चपला बघून ठरवतो.

ती ओशाळली आणि शहरी मराठीवर आली. तळमजल्याच्या चार घरांत नळाला वास येतो. पाणी दुपारी अडीचला सुटतं आणि साडेचारला जातं. दोन मुलांना जुलाब होऊन गेले. सुनेला सहावा महिना, म्हणून घरात सगळं पाणी उकळूनच पितात. वॉर्ड ऑफिसातल्या साहेबाला तीन अर्ज दिले. तो म्हणतो, वासाचं काय सांगता, रिपोर्ट आणा, मग रस्ता खोदतो. साहेबही काय नग असणार ते मी ओळखलं. टेबलामागे बसून लोकांकडून कागद मागायचे, तेवढा वेळ तरी खुर्ची उबदार राहते.

“मला रस्ता खोदून हवाय, भाऊ,” ती म्हणाली. “सुनेच्या बाळंतपणाच्या आत.”

मी तीन बाटल्या दिल्या. एक भरायची, दोन फुटल्या-बिटल्या तर. तिने विचारलं, “कशी भरायची?” मी हसलो. आजही ते हसणं आठवलं की माझा मला राग येतो. म्हणालो, “नळाखाली धरायची आणि भरायची. त्यात काय शिकायचंय?” बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका, एवढं सांगितलं. फळा तिथेच होता. पाइपाचं चित्र अजून पुसलेलं नव्हतं. ती त्या चित्राकडे बघतही होती. पण सातला दहा कमी होते, मला नायगावला जाऊन दूध घ्यायचं होतं, आणि ही काही वॉव म्हणणाऱ्यांतली नव्हती. शिवाय, खरं सांगायचं तर, मी चित्र समजावलं असतं तरी हिला काय कळणार, असं मला वाटलं. नळावर उभं राहून पाणी भरण्यात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला पाण्यातलं काय कळणार!

दोन दिवसांनी दुपारी सव्वातीनला ती माझ्या जुन्या कॉलेजच्या फाटकापाशी आली. तिथल्या सूक्ष्मजीव विभागात माझी ओळख आहे, ते असे नमुने तपासून देतात. बाटली तिने ओल्या पंच्यात गुंडाळून आणली होती. उन्हातून चालत आली होती आणि बाटली मात्र गार. पाणी अगदी नितळ. वास घेतला, काही नाही. क्लोरीनचे थेंब घालून बघायला हवे होते, पेटी पिशवीतच होती, कंटाळा केला. मनात म्हटलं, बघा, म्हणे गटाराचा वास! या लोकांना तक्रारी करायची सवयच असते. इतका मी शहाणा.

रिपोर्ट आला: पाणी पिण्यास योग्य. मी तो व्हॉट्सॲपवर तिला पाठवला. उत्तरात तिने हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि विषय माझ्यापुरता संपला.

दीड महिना गेला. वहीत बघतो तर तिच्या नावापुढे दोन बाटल्या बाकी. अंगाचा तिळपापड झाला. फोन केला तर उचलला नाही, दोनदा. टी-शर्टवाल्यांनी अकरातल्या चार चौपाटीवर फोडल्या तेव्हा मी ‘असू दे’ म्हटलं होतं, पण हिच्या दोन बाटल्यांसाठी मी भर दुपारी लालबागला निघालो. वाटेत भाषण तयार करत होतो. सार्वजनिक वस्तू म्हणजे काय, इतरांची गैरसोय म्हणजे काय, असं सगळं.

चाळीत शिरताना जिन्याखालच्या फळ्यावर नजर गेली. उत्सवाच्या वर्गणीची यादी, लाइट बंद राहणार असल्याची सूचना, आणि त्यांच्या मधोमध प्लास्टिकचं आवरण घातलेला आपला रिपोर्ट. ‘पिण्यास योग्य’ या शब्दांखाली कोणीतरी लाल पेनाने दोनदा रेघ मारली होती. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

ती घरात एकटीच होती, डबा भरत होती. मला बघून गडबडली, पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात खांद्याकडे गेला. “बाटल्या द्यायच्या राहिल्या ना सर, माफ करा. घरात हे सगळं...” मग सांगितलं. सून परळच्या इस्पितळात आहे. कावीळ. पाण्यातून होणारी. या दिवसांत ती फार वाईट, असं डॉक्टर म्हणतात. आठवा महिना सरत आला होता.

“पाणी उकळत होतात ना?” मी विचारलं.

“रिपोर्ट आल्यापासून बंद केलं. मुलगा म्हणाला, कॉलेजचा शिक्का आहे, आता कशाला? चाळीत सगळ्यांनीच बंद केलं.”

इतक्यात नळ खुरखुरला. अडीच वाजले होते. ती म्हणाली, “बसा, चांगलं पाणी देते,” आणि मोरीत गेली. तिने नळ सोडला आणि बाजूला उभी राहिली. आधी वारा आला, मग थुंकल्यासारखं थोडं थोडं पाणी, मग करडी धार. तो वास माझ्यापर्यंत आला. ते पाणी तिने संडासाच्या बादलीत जाऊ दिलं. ती बादली भरली, दुसरी भरली. मग तिने नळाच्या तोंडाला धुतलेल्या पांढऱ्या सुती कपड्याची पुरचुंडी बांधली, हाताची ओंजळ करून पाणी नाकाशी नेलं, हुंगलं, आणि समाधान झाल्यावर कळशी लावली. हे सगळं इतक्या सवयीने की ती माझ्याशी बोलतच होती.

“त्या दिवशी बाटलीसुद्धा अशीच भरली होतीत?”

“मग?” ती माझ्याकडे आश्चर्याने बघायला लागली. “तुमच्याकडे द्यायचं पाणी, सर. कोणाला द्यायचं म्हटल्यावर घाण कसं देणार? त्या दिवशी तर कपडा नवा बांधला होता.”

पिशवीतून क्लोरीनची पेटी काढली, संडासाच्या बादलीतलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. चांगल्या पाण्याला पिवळा रंग येतो. याला कसलाच आला नाही. घरात पडून असलेल्यांतली एक बाटली मागितली, दुसऱ्या दिवशी अडीचला पुन्हा येऊन नळाचं पहिलं पाणी स्वतःच्या हाताने भरलं आणि पळत कॉलेजात नेलं. एवढं मात्र मी केलं. रिपोर्ट असा आला की वॉर्डातल्या साहेबानेही तो दोनदा वाचला. आठवड्याच्या आत रस्ता खोदला. पाइप गटाराच्या खालून जात होता आणि हात लावला की त्याचा पापुद्रा निघत होता. कामगार म्हणाले, हे कधीचंच असणार. दोन दिवसांत नवा तुकडा बसवला. दोन दिवसांचं काम!

सून वाचली. बाळ वाचलं नाही.

हे मला चाळीतल्या दुसऱ्या कोणाकडून कळलं. मी तिला भेटायला गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो? रोज ठरवायचो, उद्या जाऊ. उद्या म्हणणाऱ्या माणसांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे.

मग एका शनिवारी ती स्वतःच दादरला आली. राहिलेली बाटली परत करायला. नेमकी ती टी-शर्टवाली मुलगी तिथेच होती, पुढच्या कार्यक्रमाची यादी घेऊन. बाईने बाटली टेबलावर ठेवली, घासून लख्ख केलेली. मुलीने सहज विचारलं, कुठलं पाणी होतं, आणि बाई बोलायला लागली. रडली नाही. एकामागून एक सांगत गेली, पाणी कसं भरलं, रिपोर्ट काय आला, मग काय झालं. मुलगी ऐकता ऐकता खुर्चीच्या टोकाशी आली. तिला मी इतके दिवस बिनडोक समजत होतो. ती म्हणाली, “पण काकू, पहिल्या दहा मिनिटांचंच पाणी घ्यायचं असतं ना? सरांनी आम्हाला ड्रॉइंग काढून सांगितलं होतं. माझ्याकडे लिहिलेलं आहे. तुम्हाला नव्हतं सांगितलं?”

मी वही ओढून बाईच्या नावापुढे खूण करायला घेतली.

बाई विचारात पडली. खरंच आठवायचा प्रयत्न करत होती, मला ते दिसत होतं. मग ती म्हणाली, “सांगितलं असणार गं. एवढे शिकलेले, सांगितल्याशिवाय राहतील का? माझंच लक्ष नसणार. तेव्हा डोक्यात सगळा सुनेचाच विचार.” आणि माझ्याकडे वळून विचारलं, “सांगितलं होतंत ना, सर?”

दोघीही माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. हो म्हणून.

तिने डोळे मिटले, आणि मग माझी माफी मागितली.